नेक आधी, नाव नंतर: सोलापुरात बसून जपानी सेमी-हॉलो गिटार निवडताना

जपानी बनावटीची सेमी-हॉलो गिटार हातात घेऊन पाहायची म्हटलं की सोलापूरकराला बहुतेक वेळा पुणे, मुंबई नाहीतर हैदराबाद गाठावं लागतं. मग खरेदी होते ती व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोंवरून, नाहीतर सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने जाऊन संध्याकाळी परतायच्या घाईत. दोन्ही वेळा चूक एकाच जागी होते. माणूस हेडस्टॉकवरचं (खुंट्या असलेल्या टोकावरचं) नाव वाचतो, रंगावर भाळतो आणि नेक (तारा दाबायचा लांब दांडा) पाहायचा राहून जातो.

पॉट (आवाजाच्या बटणाखालचा भाग) खराब झाला तर अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा कारागीर तो बदलून देईल. तारा कुरियरने येतात, ब्रिज (अंगावर तारा टेकतात तो आधार) विकत मिळतो. पण फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) घासून संपलेली असली, ट्रस रॉड (नेकच्या आतला, त्याचा बाक सुधारणारा दांडा) जाम असला किंवा नेकला पीळ बसला असला, तर त्यावर घरी इलाज नाही आणि बाहेरचा इलाज महाग. म्हणून या लेखात ब्रँडपेक्षा नेकवर जास्त शब्द खर्च केले आहेत.

आधी, काय घ्यायचंय ते ठरवा

गिब्सनने १९५८ साली ईएस-३३५ बाजारात आणली, तो या जातीचा मूळ नमुना. अंग १६ इंच रुंद, जाडी जेमतेम पावणेदोन इंच, पुढचा-मागचा पत्रा मेपलच्या प्लायचा आणि आत नेकपासून खालपर्यंत लाकडाचा भरीव ठोकळा. ब्रिज आणि पिकअप (तारांची कंपनं पकडणारे चुंबकी भाग) या ठोकळ्यावर बसतात. दोन्ही बाजूंचे कप्पे तेवढे पोकळ. आवाजात पोकळ गिटारीचा गोडवा येतो, पण मॉनिटर (वादकासमोरचा स्पीकर) मोठा झाला तरी ती लगेच शिट्टी मारायला लागत नाही.

गोंधळ इथून पुढे आहे. १९५९ साली आलेली ईएस-३३० आणि तिची बहीण एपिफोन कसिनो फोटोत अगदी तशाच दिसतात, पण त्यांच्यात ठोकळाच नाही. घरी वाजवायला त्या फार सुंदर. हुतात्मा स्मृती मंदिराच्या स्टेजवर ढोलक, कीबोर्ड आणि चार मॉनिटर यांच्यामध्ये मात्र त्या हमखास घुमतात. ओळखायची खूण अशी: ३३५ धाटणीत नेक साधारण १९व्या फ्रेटजवळ अंगाला मिळतो, कसिनोत तो १६व्या फ्रेटजवळ. शिवाय कसिनोला बहुधा खाली झोक्यासारखा लांब टेलपीस असतो, ३३५ला ब्रिजमागे आडवी दांडी. खात्री हवी तर एफ-होलमधून (अंगावरच्या 'एफ' आकाराच्या भोकातून) टॉर्च मारा. मधल्या बाजूला लाकडाची भिंत दिसली तर ठोकळा आहे.

जपानी जाहिरातीत 'सेमिआको' आणि 'फुरुआको' असे दोन शब्द येतात. पहिला सेमी-हॉलोसाठी, दुसरा पूर्ण पोकळ गिटारीसाठी. आपल्याकडचे विक्रेते दोन्हीला सर्रास सेमी-अकूस्टिक म्हणतात, तेव्हा शब्दावर जाऊ नका. जॅझ गिटारवादक जॉर्ज बेन्सन यांच्या नावाची आयबानेझ जीबी-१० ही १९७७ सालापासूनची गिटारही सेमी-हॉलो म्हणून खपवली जाते. ती लहान अंगाची पण पूर्ण पोकळ गिटार आहे. उत्तम आहे, पण तिचा स्वभाव वेगळा.

जपानी म्हणजे कुणाची

हेडस्टॉकवरचं नाव म्हणजे दुकानाची पाटी. गिटार बनते कारखान्यात, आणि जपानमध्ये एकच कारखाना चार-चार नावांसाठी काम करायचा. नागानो प्रांतातल्या मात्सुमोतो शहरात फुजिगेन (१९६० पासून) आणि मात्सुमोकु, नागोयात तेरादा, हामामात्सुत यामाहा आणि तोकाई. सेमी-हॉलो शोधणाऱ्याला एवढा नकाशा पुरे.

आयबानेझचं मालक घराणं नागोयातलं होशिनो गक्की, पण गिटारी बनवल्या फुजिगेनने. त्यांची २६३० आर्टिस्ट ही गिटार १९७९ साली एएस-२०० झाली. जॅझ गिटारवादक जॉन स्कोफील्ड अनेक दशकं वाजवत आले ती हीच. आबनूसचा फिंगरबोर्ड, सुपर-५८ पिकअप आणि नेकच्या पिकअपसाठी तीन स्थितींचा छोटा स्विच. पूर्ण हंबकर (दोन कॉइलचा, म्हणजे तारेच्या दोन वेटोळ्यांचा पिकअप), एकच कॉइल किंवा दोन्ही कॉइल समांतर, असे तीन आवाज त्यातून निघतात. स्कोफील्ड यांच्याच नावाची जेएसएम-१०० जपानी आहे. जेएसएम-१० आणि जेएसएम-२० मात्र चिनी. नावात एका शून्याचा फरक, किमतीत केवढा तरी. आर्टकोर मालिका २००२ साली आली आणि ती चीन-इंडोनेशियात बनते. एएस-७३ किंवा एएस-९३ 'आयबानेझ म्हणजे जपानीच' असं सांगून कुणी विकत असेल तर सरळ उठा. मात्र हेही सांगायला हवं की पहिलीच सेमी-हॉलो घेणाऱ्याला चांगली सेट केलेली आर्टकोर ही फ्रेट संपलेल्या जपानी गिटारीपेक्षा कितीतरी बरी.

यामाहाची एसए मालिका हा आमच्या मते सगळ्यात कमी जोखमीचा सौदा. एसए-२००० आणि नंतरची एसए-२२०० यांचं काम इतकं एकसारखं असतं की दोन वेगवेगळ्या वर्षांच्या गिटारी हातात घेतल्या तरी फरक शोधावा लागतो. २२००मध्ये टोनचं बटण वर ओढलं की पिकअपची एक कॉइल बंद होते. ज्यांना रात्री जॅझ आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रा वाजवायचाय, त्यांच्या ते उपयोगी पडतं. आतल्या लेबलवर 'निप्पॉन गक्की' असेल तर गिटार १९८७च्या आधीची, कारण त्या वर्षी कंपनीचं नाव यामाहा कॉर्पोरेशन झालं.

ग्रेको, तोकाई आणि बर्नी यांच्या जुन्या मॉडेलांत किंमतच नावात लिहिलेली असते. ग्रेको एसए-७०० म्हणजे त्या काळचे ७०,००० येन, तोकाई ईएस-६० म्हणजे ६०,००० येन. एकाच वर्षाच्या दोन गिटारींत मोठा आकडा म्हणजे बरं लाकूड, बरे पिकअप. वेगवेगळ्या दशकांतल्या आकड्यांची तुलना करू नका, येनची किंमत तेवढी राहिली नाही.

१९७०च्या दशकातल्या जपानी एपिफोन मात्सुमोकुच्या. १९८०च्या मध्यानंतर एपिफोनचं बहुतेक काम कोरियात गेलं, त्यामुळे 'जुनी एपिफोन, म्हणजे जपानी' हा हिशेब चालत नाही. २००२ पासूनच्या एलिटिस्ट मालिकेतल्या शेरेटन आणि रिव्हिएरा पुन्हा जपानी, तेरादाच्या हातच्या. ऑर्व्हिल हे १९८८ ते १९९८ या काळातलं गिब्सनचं जपानी नाव. त्यातल्या ईएस-३३५सुद्धा तेरादानेच केल्या, आणि त्या मिळाल्या तर सोडू नयेत. आजच्या नव्या गिटारींत फुजिगेनची स्वतःची एफजीएन आणि मात्सुमोतोतल्या डिव्हायझरची सेव्हन्टी सेव्हन ही नावं लक्षात ठेवा.

एक शब्द मात्र किंमत वाढवण्यासाठीच वापरला जातो: 'लॉसूट गिटार'. गिब्सनच्या मालक कंपनीने १९७७ साली अमेरिकेत दावा केला तो फक्त आयबानेझच्या तिथल्या वितरकावर, आणि तो हेडस्टॉकच्या आकाराबद्दल होता. ग्रेको, तोकाई, एरिया यांचा त्याच्याशी संबंध नाही. या शब्दासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

नंबर वाचणं

आयबानेझचा १९७५ ते १९८६ दरम्यानचा नंबर म्हणजे एक इंग्रजी अक्षर आणि सहा आकडे. अक्षर महिन्याचं (ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर), पुढचे दोन आकडे वर्षाचे. 'एफ ८१' ने सुरू होणारा नंबर म्हणजे जून १९८१. इथे एक खड्डा आहे. १९८७ नंतर एफ हे अक्षर फुजिगेनसाठी वापरात आलं. तेव्हा एफ दिसल्यावर आकडे मोजा: सात असतील तर १९९७ किंवा त्यानंतरची, सहा असतील तर जूनमधली जुनी किंवा १९८७ ते १९९६ मधली, नुसत्या नंबरावरून ते ठरत नाही. १९९७ पासून एफनंतरचे पहिले दोन आकडे वर्ष सांगतात, त्याआधी एकच आकडा सांगायचा.

नंबर, लेबल आणि हार्डवेअर या तिघांची साक्ष जुळायला हवी. नंबर ८१चा आणि पिकअपच्या कडा कोऱ्या चकचकीत, तर काहीतरी बदललं आहे. बदललं म्हणून गिटार वाईट ठरत नाही. बदललेलं सांगितलं नाही, तर विक्रेता वाईट.

नेक तपासताना

लागणारी अवजारं चार: सहा इंची स्टीलची पट्टी, फिलर गेज, कॅपो (नेकवर तारा दाबून धरणारा चिमटा) आणि टॉर्च. फिलर गेज म्हणजे गाडीचे टॅपेट सेट करायला वापरतात ती पात्यांची जुडी. कुठल्याही ऑटो स्पेअर्सच्या दुकानात मिळते.

गिटार सुरात लावा. पहिल्या फ्रेटवर कॅपो, उजव्या हाताने सहावी तार अंगाजवळच्या फ्रेटवर दाबा आणि मधोमध, सातव्या-आठव्या फ्रेटवर, तार आणि फ्रेट यांच्यातली फट मोजा. ०.१५ ते ०.३० मिलिमीटर असेल तर नेक ठीक. तार फ्रेटला चिकटलेली असेल तर नेक मागे वाकलाय. अर्धा मिलिमीटर किंवा जास्त असेल तर पुढे वाकलाय. दोन्ही दोष ट्रस रॉडने सुटतात, पण रॉड जिवंत असेल तरच. म्हणून हेडस्टॉकवरची छोटी पट्टी काढून रॉडचा नट पाहायलाच हवा. कडा गोल झालेल्या, नट आत खोल गेलेला, दांड्याचे आटे संपत आलेले, यांपैकी काहीही दिसलं तर किंमत विचारायचीही गरज नाही. बऱ्याच जपानी गिटारींना अ‍ॅलन की चालत नाही, नळीसारखा बॉक्स पाना लागतो, आणि मापही अमेरिकन गिटारीपेक्षा वेगळं असू शकतं. मूळ पाना सोबत मागा. रॉड हलतो की नाही हे विक्रेत्यासमोर पाहायचं: आधी पाव फेरा सैल, मग पुन्हा घट्ट. आधी घट्ट करायला जाऊ नका. चाळीस वर्षं न हललेला रॉड पहिल्या घट्ट फेऱ्यातच तुटू शकतो.

मग पीळ. गिटार डोळ्यासमोर धरून अंगाच्या टोकाकडून हेडस्टॉककडे नजर लावा. ब्रिजची रेघ आणि नटची (हेडस्टॉकजवळ तारा ज्या खाचांच्या पट्टीवर टेकतात तिची) रेघ समांतर दिसायला हव्यात. एक टोक खाली झुकलेलं दिसलं तर पीळ आहे, आणि पिळाला ट्रस रॉडचं औषध लागू पडत नाही.

फ्रेट नवी असताना साधारण एक ते सव्वा मिलिमीटर उंच असतात. ०.६ ते ०.७ मिलिमीटरच्या खाली गेली की घासून सपाट करायला जागा उरत नाही, नवीन बसवावी लागतात. बाइंडिंग (कडेला चिकटवलेली बारीक पट्टी) असलेल्या नेकवर नवीन फ्रेट बसवणं किचकट काम, त्याची मजुरी जास्त. वापर पहिल्या पाच फ्रेटवर, दुसऱ्या-तिसऱ्या तारेखाली सगळ्यात जास्त दिसतो. तिथे तारेच्या रुंदीचे खळगे पडले आहेत का, ते आडव्या टॉर्चच्या उजेडात कळतं.

शेवटी ब्रिजची उंची, जिच्याकडे जवळजवळ कुणीच पाहत नाही. ब्रिजखालची गोल चाकं अंगाला टेकली आहेत, म्हणजे ब्रिज खाली जायला जागा नाही, आणि तरीही १२व्या फ्रेटवर सहावी तार अडीच मिलिमीटर वर आहे. अशा गिटारीचा नेक अंगाजवळ उचलला गेलाय. हा सेट-नेक (अंगाला सरसाने चिकटवलेला नेक) असल्याने तो सोडवून पुन्हा बसवणं हे मोठं काम. निरोगी गिटारीत सहावी तार १.८ ते २ मिलिमीटर, पहिली १.५च्या आसपास बसते आणि ब्रिजला वर-खाली जायला दोन-तीन मिलिमीटर शिल्लक राहतात.

हेडस्टॉकच्या मागे, नटच्या बरोबर खाली, हाताने चाचपडा. तिथे पडून मोडलेल्या गिटारी जोडून, रंगवून विकल्या जातात. टॉर्च तिरका धरला की केसाएवढी रेघ किंवा रंगाचा वेगळा पोत दिसतो. चांगली जोडलेली मोड वाजवायला त्रास देत नाही, पण किंमत निम्म्याच्या आसपास यायला हवी.

फोटोवरूनच घ्यायची असेल तर हे फोटो नाव घेऊन मागा: नेकवरून नजर लावलेला, पट्टी काढून ट्रस रॉडचा, पहिल्या पाच फ्रेटचा जवळून, हेडस्टॉकच्या मागचा, नेक-अंग सांध्याचा दोन्ही बाजूंनी, ब्रिज आडवा, एफ-होलमधल्या लेबलचा आणि नंबरचा. शिवाय अ‍ॅम्पशिवाय प्रत्येक तारेवर पहिल्यापासून शेवटच्या फ्रेटपर्यंत एकेक सूर वाजवलेला सलग व्हिडिओ. पाच मिनिटांचं काम आहे. जो टाळतो, त्याच्याकडे टाळायचं कारण असतं.

जपानी दुकानाच्या वर्णनातले शब्द

भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये हे शब्द हमखास बिघडतात, म्हणून उच्चारानिशी लक्षात ठेवा. 'जुनझोरी' म्हणजे नेक पुढे वाकलेला, 'ग्याकुझोरी' म्हणजे मागे. 'नेजिरे' म्हणजे पीळ, 'मोतोओकी' म्हणजे नेक अंगाजवळ उचललेला. वर सांगितला तो ब्रिजचा दोष तो हाच. शेवटचे दोन दिसले की पुढची गिटार पाहा. 'जंक' म्हणजे आम्ही तपासलेली नाही आणि परत घेणार नाही. फ्रेट किती उरली आहेत ते 'वारी'त सांगतात. वारी म्हणजे दहावा हिस्सा, ८ वारी म्हणजे ८० टक्के शिल्लक. पंढरपूरच्या जिल्ह्यातल्या माणसाने हा शब्द विसरायचं काही कारण नाही. ७ वारीच्या खाली जाऊ नका. आणखी एक शब्द, 'हाकारांदा', म्हणजे ब्राझिलियन रोझवुड. हे लाकूड १९९२ पासून साइट्सच्या (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) पहिल्या परिशिष्टात आहे, कागदपत्रांशिवाय ते सीमा ओलांडू शकत नाही. फिंगरबोर्ड साध्या शिसवीचा किंवा आबनूसचा असलेलाच बरा.

आणि त्याहून महत्त्वाचं. आपल्या विदेश व्यापार धोरणात भांडवली यंत्रसामग्री सोडली तर बाकीचा वापरलेला माल मोकळेपणी आयात करता येत नाही, परवाना लागतो. जपानी दुकानदार पार्सल पाठवायला तयार आहे याचा अर्थ आपलं कस्टम्स ते सोडेल असा नाही. शुल्कही गिटारीच्या किमतीवर नाही, तर किंमत, वाहतूक आणि विमा मिळून लागतं, आणि त्यावर पुन्हा आयजीएसटी. म्हणून दोनच मार्ग शहाणपणाचे: नवीन गिटार अधिकृत आयातदाराकडून, किंवा आधीच भारतात असलेली जुनी, तिच्या कागदांसकट.

आतली वायर

सेमी-हॉलोला मागे झाकण नसतं. पॉट, स्विच, जॅक सगळं एफ-होलमधून बाहेर काढावं लागतं आणि तिथूनच परत बसवावं लागतं. त्यामुळे घेण्याआधी विजेची बाजू तपासून घ्या. केबल लावा, मल्टिमीटर २० किलो-ओहमवर ठेवा, केबलच्या दुसऱ्या टोकाच्या टोकावर एक काडी आणि दांड्यावर दुसरी. व्हॉल्यूम पूर्ण उघडा. नेक पिकअपवर ७ ते ९ किलो-ओहम दिसायला हवेत, ब्रिजवरही साधारण तेवढेच. स्विच मध्ये ठेवला की दोन्ही समांतर येतात आणि आकडा निम्मा होतो. एकट्या पिकअपवरच निम्मा दिसला तर आधी कॉइल बंद करणारं बटण किंवा छोटा स्विच पाहा. मीटरने '१' दाखवून हात टेकले तर मोठ्या टप्प्यावर जा. तिथे ५०० किलो-ओहमच्या आसपास दिसलं तर तुम्ही नुसता पॉट मोजताय, पिकअपची तार आत तुटली आहे.

बटण फिरवताना खरखर ऐकू आली तर घाबरू नका, कॉन्टॅक्ट क्लीनरने ती बहुतेक वेळा जाते. पॉट बदलायचाच असेल तर नट सोडण्याआधी दांड्यावर घट्ट बसणारी प्लॅस्टिकची बारीक नळी चढवा आणि मगच पॉट आत ढकला. परत येताना ती नळी ओढली की पॉट आपल्या भोकात येऊन बसतो. जॅकला नायलॉनचा दोरा बांधा. हे न करता नट सोडणारा माणूस पुढचे दोन तास वाकडी तार घेऊन एफ-होलमध्ये मासे धरत बसतो. जपानी सुटे भाग मेट्रिक मापाचे असतात. अमेरिकन बटणं, ब्रिजचे खांब, टेलपीसचे बोल्ट सहसा बसत नाहीत, म्हणून 'गिब्सनला बसतं' एवढ्यावर मागवू नका.

तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर तारांचं अर्थिंग ठीक आहे. हाताला मुंग्या आल्या तर प्लग काढा, दोष घरातल्या अर्थिंगचा किंवा अ‍ॅम्पचा आहे. यंत्रमाग असलेल्या भागात मोटारी चालू असताना एक कॉइल बंद करून वाजवलंत तर पिकअप त्यांचा आवाज पकडतो. पूर्ण हंबकरवर तो बराच कमी होतो. जपानहून आलेला अ‍ॅम्प १०० व्होल्टचा असतो. तो थेट २३० व्होल्टमध्ये लावला की विषय संपला, मध्ये स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवाच.

तारा आणि सूर

जुन्या दुकानी गिटारीवर बहुधा १० नंबरच्या राउंडवाउंड (गोल तारेच्या खरबरीत गुंडाळीच्या) तारा असतात. जॅझसाठी ११ किंवा १२चा फ्लॅटवाउंड (सपाट, गुळगुळीत गुंडाळीचा) संच घ्या: डॅडारिओ क्रोम्स ११-५० किंवा १२-५२, किंवा हात हलका हवा असेल तर थोमास्टिक जॅझ स्विंग १२-५०. या संचांत तिसरी तार गुंडाळलेली असते. त्यामुळे तीन गोष्टी बदलतात. ताण वाढल्याने नेक पुढे वाकतो, ट्रस रॉड पाव फेरा घट्ट करून एक दिवस थांबायचं आणि पुन्हा मोजायचं. नटमधली तिसऱ्या तारेची खाच रुंद करावी लागते, नाहीतर तार अडकते आणि सुरात लावताना 'टिक' करून उडी मारते. आणि तिसऱ्या तारेचं सॅडल (ब्रिजवर ती तार टेकते तो तुकडा) साध्या तारेच्या तुलनेत नेककडे सरकतं. १२व्या फ्रेटवर दाबलेला सूर हार्मोनिकपेक्षा (तिथेच तार न दाबता, नुसता स्पर्श करून काढलेल्या सुरापेक्षा) चढा आला तर सॅडल मागे, उतरता आला तर पुढे.

सूर ऐकताना नेकचा पिकअप, टोन ४ ते ६, अ‍ॅम्प स्वच्छ. चौथ्या तारेवर पाचव्या ते बाराव्या फ्रेटपर्यंत हळू चढा. एखादाच सूर पटकन मरत असेल तर तो त्या नेकचा मृत सूर. तो कुठे आहे हे घेण्याआधी माहीत असावं.

सोलापूरचा उन्हाळा

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर आणि दुपारची हवा कोरडी ठाक. प्लायचं अंग हे सोसतं. सोसत नाही तो फिंगरबोर्ड. तो आकसतो आणि फ्रेटची टोकं कडेने हाताला टोचतात. बाइंडिंग असेल तर फ्रेटच्या टोकाशी त्यात बारीक चीर पडते. घेतलेली गिटार उन्हाळ्यात आली तर पेटी बंद ठेवून एक दिवस खोलीत राहू द्या, मगच उघडा.

पेटीत ४५ ते ५५ टक्के ओलावा राहील असं बघा. छोटा हायग्रोमीटर पेटीत ठेवा आणि भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला, पिळलेला स्पंज हेडस्टॉकजवळ. तो एफ-होलमध्ये अडकवू नका, पाणी थेट पॉटवर गळतं. कूलरच्या झोतासमोर स्टँडवर गिटार ठेवली तर उलटं होतं: कूलर चालू तेव्हा ओली, बंद तेव्हा कोरडी, आणि नेक दिवसातून दोनदा हलतो. एसी सतत चालू असलेल्या खोलीत स्पंज दर दोन दिवसांनी ओला करावा लागतो. उन्हात उभ्या कारमध्ये अर्धा तासही ठेवू नका, आतल्या तापमानाला सरस मऊ पडतो आणि तारांच्या ताणाने सांधे सरकायला लागतात.

फिंगरबोर्डला वर्षातून दोनदा मिनरल ऑइलचे चार थेंब पुरे. करडईचं तेल सोलापुरात घरोघरी असतं, पण ते हवेत हळूहळू घट्ट होतं आणि फ्रेटच्या कडेला चिकट राप बसतो.

रेल्वेने आणताना हार्ड केसच घ्या. तारा एक सूर उतरवा, पूर्ण सैल करू नका. हेडस्टॉकखालची पोकळी कपड्याने भरा. पेटीभोवती चादर गुंडाळायला हरकत नाही, सोलापुरी असेल तर उत्तमच. जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पावसाने हवा बदलली की फट पुन्हा मोजा. मेमध्ये ०.२ असलेली फट जुलैत बहुधा वेगळी भरते, आणि तेव्हा पाव फेऱ्याच्या आत काम होतं. स्पंज काढून पेटीत सिलिका जेलची दोन पाकिटं टाका.